पाच मुलींचे घर

दिवंगत पत्नी भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलते, त्याच्या दुसऱ्या संसारावर टोमणे मारते आणि बिचारा नवरा हातातले काम टाकून तिला उत्तरे देत बसतो, ही कल्पना एखाद्या जुन्या प्रहसनकारालाही शोभली असती. ती घरोघर पोहोचली ‘हम पाँच’ या हिंदी विनोदी मालिकेतून. झी टीव्हीवर ही मालिका १९९५ साली सुरू झाली आणि १९९९ पर्यंत चालली. गृहस्थ आनंद माथुर झाले होते आपले अशोक सराफ, आणि तसबिरीतली पहिली पत्नी झाल्या होत्या ‘रजनी’ म्हणून देशाला ठाऊक असलेल्या प्रिया तेंडुलकर. कुटुंब माथुरांचे, भाषा हिंदी. परंतु महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांतून ही मालिका थोड्या हक्काने पाहिली जाई, ती या दोघांमुळे. दुसऱ्या पत्नीची, बीनाची भूमिका शोमा आनंद यांची होती. राधिकेचे काम करणाऱ्यांत विद्या बालन होत्या, हे आता पुष्कळांस आश्चर्याचे वाटते.

पण आम्हांस येथे नटनट्यांविषयी लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते त्या घरातील पाच मुलींविषयी.

थोरली मीनाक्षी नारीमुक्तीवाली. स्वयंपाकघरातील साध्या बोलण्यालाही ती व्याख्यानाचे रूप देई. राधिका पुस्तकातील किडा, चष्मेवाली, कानाने कमी. स्वीटीला आरशापुढून उठवणे कठीण. तिला विश्वसुंदरी व्हावयाचे होते. १९९४ साली सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय या दोघींनी मुकुट जिंकल्यानंतर ते स्वप्न गल्लोगल्ली पसरले होते, हे वाचकांस स्मरत असेलच. काजल पुरुषी कपडे घालून ‘भाई’ म्हणवून घेई. आणि धाकटी छोटी, जिच्या कानी पडलेली बातमी पोटात कधी टिकली नाही. वरच्या मजल्यावरच्या पूजाबाईंना कोणी ‘आंटी’ म्हटलेले खपत नसे, ती गंमत निराळीच.

या घरात मुलगा नाही, आणि मालिकेचा पाया ‘सहाव्या खेपेला तरी मुलगा होऊ दे’ या नवसावर रचलेला नाही. बाप त्रासलेला आहे खरा. पण तो पाच जिभांपुढे त्रासलेला आहे, पाच हुंड्यांपुढे नव्हे. आम्ही याला फार मोठी गोष्ट मानतो. ज्या वर्षांत ही मालिका चालली, ती वर्षे आठवून पाहावीत. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि १९९६ च्या आरंभी अमलात आला. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ सालीच केला होता. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे देशात १९९१ साली ९४५ मुली होत्या, त्या २००१ साली ९२७ उरल्या. आपण जेथे राहतो त्या मध्य प्रदेशात ९४१ च्या ९३२ झाल्या. आणि जेथून आपले पूर्वज आले, ज्या भूमीच्या सुधारकांची नावे आपण अभिमानाने घेतो, त्या महाराष्ट्रात ९४६ च्या ९१३! दिवसा सोनोग्राफीच्या दुकानापुढे रांग लागत होती आणि रात्री तोच समाज माथुरांच्या पाच मुलींना पोट धरून हसत होता.

शाळेच्या हजेरीपटावर आम्ही ‘अंतिमबाला’ हे नाव अनेकदा वाचले आहे. त्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. साताऱ्याकडे अशाच मुलींना ‘नकुशी’ म्हणत. २०११ साली तेथे समारंभपूर्वक त्यांची नावे बदलण्यात आली. हजेरी घेताना असे नाव मोठ्याने उच्चारणे आणि तिने ‘उपस्थित’ म्हणणे, हा प्रसंग रोजचा असला तरी अंगवळणी पडत नाही.

मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ ही मालिका १९८४ साली दूरदर्शनवर आली होती. त्या घरातल्या मुलींना सारे हाक मारीत ती बडकी, मझली, छुटकी अशी जन्माच्या क्रमाने. मझलीला सिनेमाची ओढ लागली आणि कथेने तिला त्याची शिक्षा केली. मालिका उत्तम होती, तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु अकरा वर्षांनंतर तीच ओढ घेऊन स्वीटी आली तेव्हा तिला कोणी दरीत ढकलले नाही. घरच्यांनी तिची थट्टा केली, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आरशापुढे बसली. मुलीने मूर्ख स्वप्न पाहावे आणि तिचे काहीही वाईट होऊ नये, ही सवलत मुलग्यांना आपल्या वाङ्मयाने पूर्वीच दिलेली आहे.

मालिकेत दोष नव्हते असे नव्हे. आरडाओरडा पुष्कळ, आणि ध्वनिमुद्रित हशा तर कानठळ्या बसविणारा. राधिकेच्या बहिरेपणावर केलेले विनोद आम्हांस तेव्हाही रुचले नाहीत. श्रवणयंत्र असूनही ते दप्तरात लपवून ठेवणारी आणि मग न ऐकताच मान डोलावणारी मुले ज्याने वर्गात पाहिली आहेत, त्याला त्या विनोदावर हसू येणे अवघड आहे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. ज्या एकता कपूर यांनी ही मालिका निर्माण केली, त्यांच्याच संस्थेने २००० साली सासू-सुनांच्या मालिका आणल्या आणि घरातील लेक पडद्यावरून मागे सरली. जी राहिली ती सून. तीही भरजरी शालू नेसून, डोळ्यांत पाणी आणून. भांडणारी, चुकणारी, बापाच्या खिशातून पैसे मागणारी मुलगी वर्षानुवर्षे हरवल्यासारखी झाली.

जुने भाग आता मोबाइलवर मिळतात. ज्यांच्या घरी शाळकरी नात आहे, त्यांनी तिला जवळ बसवून दोन-चार पाहावेत आणि पाचांपैकी तिला कोण आवडते ते विचारावे. आम्ही नववीच्या मुलींना विचारले. बहुतेकींनी काजलचे नाव घेतले, आणि ते अपेक्षितच होते. शेवटच्या बाकावरील एकीने मात्र मीनाक्षी म्हटले. कारण विचारता ती म्हणाली, “ती वडिलांशी वाद घालते, सर, आणि ते ऐकून घेतात.”