बाजूला ठेवलेला फटका

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हिवाळ्यात टेनिस बॉलचे सामने रंगतात. दोनदा शून्यावर बाद झालेला पोरगा तिसऱ्यांदा हमखास पहिल्याच चेंडूवर षटकार मारायला जातो. बाहेरून आम्हीही ‘मार!’ म्हणून ओरडतो. मला अशा वेळी सचिन आठवतो. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ०, १, ३७, ०, ४४ अशी गत झाल्यावर, ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू घात करतो हे ओळखून त्यानं सिडनी कसोटीत आपला लाडका कव्हर ड्राइव्हच बाजूला ठेवला. ४३६ चेंडू, नाबाद २४१! अपयशात मन घाईला येतं. तेव्हा पोराला जोर लावायला नव्हे, एखादा फटका विसरायला सांगावं. पण सीमारेषेबाहेर गप्प बसणं आम्हाला कुठं जमतं?