अणूएवढी चिप आणि आपली मोटर

मंडळी, 'चिप आणखी लहान झाली' अशी बातमी आली की आपल्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "बघा, जग कुठे चाललंय, आणि आपण?" गुजरातेत धोलेऱ्याला टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिथे २८ ते ११० नॅनोमीटरच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या चिप करायचं ठरलं, तेव्हाही हाच सूर होता. मला हे काही पटत नाही.

एकतर लहान होण्याला अंत आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंची मांडणी साधारण ०.५४ नॅनोमीटरला पुन्हा तशीच येते. पाच नॅनोमीटरच्या अंतरात अशी नऊ-दहाच घरं बसतात. भिंत इतकी पातळ झाली की इलेक्ट्रॉन थेट आरपार जातात. स्विच बंद केला तरी गळती चालूच! २०१२ साली ऑस्ट्रेलियात मिशेल सिमन्स यांच्या गटाने फॉस्फरसच्या एकाच अणूवर चालणारा ट्रान्झिस्टर केला. कमालच की! पण तो चालवायला प्रचंड थंडी लागते, शून्याखाली २७० अंशांच्या आसपास. आणि बाजारातलं '३ नॅनोमीटर' हे आता पिढीचं नाव आहे, ट्रान्झिस्टरच्या लांबीचं माप नव्हे.

आता आपल्या धाराशिवकडे या. लाईटची पाळी रात्रीची असली की मोटर चालू करायला विहिरीवर कोण जाणार? अंधार, चिखल, साप-विंचू. मोबाईल स्टार्टर बसवला की अंथरुणातून फोन लावायचा, मोटर चालू. त्या पेटीत एक सिम, एक साधी चिप आणि रिले. तिला अणूएवढा ट्रान्झिस्टर नकोय. तिला व्होल्टेजची वरखाली आणि मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत होणारी भट्टी सोसायची आहे. ते काम जुन्या पिढीची चिप निमूटपणे करते.

अणूपर्यंत जाणारं संशोधन थांबावं असं मी मुळीच म्हणत नाही. उद्याचे क्वांटम संगणक कदाचित त्यातूनच येतील. पण आपली प्रगती फक्त नॅनोमीटरमध्ये का मोजायची? वस्तू किती वर्षं टिकते, बिघडली तर तालुक्याला दुरुस्त होते का, आणि तिच्यामुळे कुणाची रात्रीची पायपीट वाचते का, हीही मापंच आहेत की.

असो. कळंब-परंड्याकडची मंडळी, तुमच्या मोटरीवरची पेटी किती उन्हाळे टिकली?