भिंतीवरचे यंत्र आणि हातातील केरसुणी

पुण्या-मुंबईच्या नव्या गृहसंकुलांत सकाळी दहाच्या सुमारास एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. भिंतीवर बिनवायरीचा, काठीसारखा उभा व्हॅक्यूम क्लीनर लटकलेला असतो. बॅटरी पूर्ण भरल्याची खूण करणारा त्याचा दिवा चमकत असतो. आणि त्याच भिंतीच्या पायथ्याशी घरकामास आलेली बाई उकिडवी बसून, एक हात गुडघ्यावर टेकवून, फुलझाडूने सोफ्याखालचा केर ओढत असते. यंत्र घरात आहे, केर काढणारी व्यक्तीही घरात आहे. परंतु या दोघांची गाठ पडू द्यावयाची नाही, असा अलिखित नियम आहे. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: 'मावशींच्या हातात दिले तर मोडेल.'

मावशींच्या हातात काचेची भांडी दिलेली चालतात, तान्हे मूल दिलेले चालते. मोडण्याची भीती फक्त त्या वस्तूविषयी, जी त्यांचे कष्ट कमी करील. ही भीती यंत्राच्या नाजूकपणाची नव्हे. कष्ट वाचवावयाचे ते कोणाचे, हा प्रश्न या घरांत न विचारताच सुटलेला आहे, एवढाच तिचा अर्थ.

येथे केरसुणीचे गोडवे गाणाऱ्यांशी प्रथम हिशेब करून टाकावा. केरसुणी ही लक्ष्मी आहे, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहिले जाते, हे खरे. पण ती वळणारा समाज गावकुसाबाहेर राहिला आणि ती हाती धरणारीला चहा वेगळ्या कपातून मिळाला, हेही तितकेच खरे. ज्या पुण्यात पेशवाईत अस्पृश्यांच्या कमरेला झाडू बांधण्याची सक्ती होती, असे डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवले आहे, त्या पुण्यात तरी झाडूच्या पावित्र्याची भाषा जपून करावी. दुसरा पक्ष म्हणतो की यंत्राने गरिबाच्या पोटावर पाय येतो. म्हणून काय बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या उकिडवेच बसावयाचे? कंबर आणि गुडघे झिजविणारी रीत रोजगाराच्या नावाखाली टिकवून धरणे, याला श्रमिकांचा कैवार म्हणत नाहीत.

व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास तर या बाबतीत फारच बोलका आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ याने हवेच्या ओढीने धूळ खेचणारे यंत्र तयार केले. ते घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जात. घरात वागवता येईल असे विजेचे यंत्र मात्र अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे जेम्स मरे स्पँगलर याने बनविले. हा गृहस्थ एका मोठ्या दुकानात झाडलोट करणारा रखवालदार होता. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बेजार होई. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने आपल्या छातीवर उपाय शोधला. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले. ते हूव्हर कुटुंबाकडे गेले आणि पुढे इंग्रजी भाषेत झाडण्याच्या क्रियेलाच हूव्हरचे नाव मिळाले. म्हणजे हे यंत्र मुळात मालकिणीच्या हौसेतून जन्मलेले नाही, ते झाडूवाल्याच्या खोकल्यातून जन्मलेले आहे. आज ते झाडूवालीच्याच हाती पडू नये म्हणून खुंटीला टांगले जाते.

भारतीय मध्यमवर्गाच्या घरात ते आले ते प्रामुख्याने १९८० नंतरच्या काळात. १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सचे टाय बांधलेले विक्रेते दारोदार हिंडत आणि गादीतली धूळ पांढऱ्या कापडावर काढून दाखवीत. यंत्र विकत घेतले जाई आणि लवकरच माळ्यावर जाई. जड पेटी, अजगरासारखी नळी, खोलीगणिक प्लग बदलण्याची कटकट. रोजच्या केराला एवढा खटाटोप कोण करणार? ते दिवाळीच्या साफसफाईला खाली उतरे.

बिनवायरीच्या काठीने ही अडचण दूर केली, यात शंका नाही. लिथियम-आयन बॅटरी हलकी झाली, मोटर लहान आणि अतिवेगवान झाली (काही यंत्रांतील मोटर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते), आणि उभ्याने, एका हाताने, पलंगाखालचा केर दोन मिनिटांत काढता येऊ लागला. धूळ उडत नाही, फिल्टर चांगला असेल तर दम्याच्या माणसाला आराम पडतो. हा खरा, मोजता येण्याजोगा लाभ आहे. जाहिरातीतील तासाभराची बॅटरी मंद वेगावरची असते आणि पूर्ण जोर लावला की पाच-दहा मिनिटांत यंत्र मान टाकते. ओल्या केराचे त्याला वावडे आहे. कचऱ्याची डबी अर्ध्या-पाऊण लिटरची आणि फिल्टर धुतला तर वाळेपर्यंत दिवसभर थांबावयाचे. हे सारे खरे असले तरी गौण आहे. आपल्याकडच्या घरांत गालिचे नाहीत, फरशी आहे, आणि फरशी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय घर स्वच्छ झाले असे कोणी मानीत नाही. तेव्हा यंत्र आले तरी बाईंना यावे लागतेच. खरी गोम येथेच आहे.

घरकामाचे दर कामागणिक ठरतात: केर-फरशीचे इतके, धुण्याचे इतके, भांड्यांचे इतके. यंत्र आले की मालकीण म्हणते, 'केर आम्हीच काढू, तुम्ही नुसती फरशी पुसा,' आणि पगारातून केराचे पैसे वजा होतात. बाईंची बसभाड्याची रक्कम तीच, चढावयाचे जिने तेच, घराला द्यावयाची वेळ जवळपास तीच. कमी झाला तो पगार. आठ-पंधरा दिवसांत उत्साह ओसरला की, 'आज जरा केरही काढा ना,' असे गोड आर्जव सुरू होते. वजा झालेले पैसे मात्र परत येत नाहीत. काही हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंतचे यंत्र घेणारे घर दोन-तीनशे रुपयांवर घासाघीस करते, आणि या घासाघिशीला काटकसर असे प्रतिष्ठित नाव मिळते.

२०२० च्या टाळेबंदीत हे अधिकच उघडे पडले. संकुलांच्या फाटकांवर घरकामगार स्त्रियांना अडविण्यात आले, कित्येकींचे पगार थांबले, आणि त्याच महिन्यांत भांडी घासण्याच्या व केर काढण्याच्या यंत्रांची मागणी वाढली. 'आता बायकांवर अवलंबून राहावयास नको,' हा त्या काळातला समाधानाचा उद्‌गार. २०२१ च्या निर्बंधांत राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना जाहीर केलेली मदत होती दीड हजार रुपये.

मालकिणीवरच सारा रोख ठेवणेही न्यायाचे होणार नाही. 'आम्हीच काढू' यातील 'आम्ही' म्हणजे कोण? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की गृहोपयोगी यंत्रांनी तेथील गृहिणीचे काम घटविले नाही. पूर्वी जड गालिचे अंगणात नेऊन झोडपण्याचे काम क्वचित, आणि घरातील पुरुष-मुलांच्या मदतीने होई. यंत्र आल्यावर ते वरचेवर आणि एकट्या बाईचे झाले. आपल्याकडचा हिशेबही पाहावा. राष्ट्रीय पाहणीनुसार २०१९ साली बिनमोबदला घरकाम करणारी स्त्री त्या कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होती, तर ते करणारा पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पुरुषाची नऊ! दरी दोनशे मिनिटांची होती, ती तशीच राहिली. यंत्र आणणारा पुरुष, त्याचा वेग व व्होल्टेज मित्रांना सांगणारा पुरुष, पण ते खुंटीवरून काढून पलंगाखाली घालणारा पुरुष शोधावाच लागतो.

या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला आणि सेनापती बापटांनी पारनेरच्या गल्ल्या झाडल्या. दोघांनाही आपण वंदन केले, पुतळे उभारले. रस्त्यावर झाडणारा पुरुष संत ठरतो आणि घरात झाडणारा थट्टेचा विषय होतो, ही आपल्या सुधारकी परंपरेतील जुनी पळवाट आहे.

पुण्यात १९८० साली घरकामगार स्त्रियांनी उत्स्फूर्त संप केला. पगारवाढ आणि हक्काची रजा या मागण्यांसाठी त्या रस्त्यावर आल्या आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. त्यानंतर महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने बाजूने मत दिले, पण त्यावर मान्यतेची मोहोर उमटविली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास सांगितले. कायदा यावयाचा तेव्हा येवो, त्यासाठी लढावे लागेलच. पण दिवाणखान्यातील व्यवहार बदलण्यास संसदेची परवानगी लागत नाही.

यंत्र घेतले तर ते केर काढणाऱ्या बाईंच्या हाती द्यावे. घोडा कसा दाबावा, डबी कशी रिकामी करावी, हे दाखविण्यास दहा मिनिटे पुरतात. केराचा पगार कापू नये. काम लवकर उरकले तर वाचलेला वेळ त्यांचा समजावा, त्या जागी खिडक्यांच्या काचा पुढे करू नयेत. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च मालकाचा, जसा तो कारखान्यात असतो. आणि बाईंचा खाडा असेल त्या दिवशी ते कोणी उचलावयाचे, याचा निर्णय घरातील चौघांनी बसून घ्यावा. बॅटरी मात्र आदल्या रात्री आठवणीने लावून ठेवावी लागते. तेवढे काम घरच्या कर्त्या पुरुषाकडे सोपवून सुरुवात करण्यास हरकत नसावी.