हस्तोद्योग : पितळी इंजिनाची डागडुजी

ज्या शतकात आपल्या मॉरिशसमध्ये आगगाडी आली (१८६४), त्याच शतकात इंग्लंडमधील कारागीर मुलांकरिता खऱ्या वाफेवर चालणारी छोटी पितळी इंजिने घडवीत. चालताना पाणी ठिबकत जाई, म्हणून त्यांस थट्टेने ‘ड्रिबलर’ म्हणत. असे इंजिन हाती आल्यास प्रथम झिलई करण्याचा मोह आवरावा.

वाफ बहुधा सिलिंडरपाशी गळते. यास निराळी झडप नसते. सिलिंडर स्वतःच डोलतो, त्याच्या सपाट तोंडाचे छिद्र समोरच्या पट्टीवरील छिद्रांशी जुळते व वाफ आत-बाहेर होते. ही तोंडे झिजली असल्यास काचेवर बारीक पॉलिश कागद पसरून त्यावर हलके घासावीत. स्प्रिंग मात्र फार आवळू नये. गळती थांबते, पण इंजिनही थांबते!

खरा प्रश्न बॉयलरचा. जुने सांधे शिसे-कथलाच्या डाखाचे. तो सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळतो. पाणी आटूनही खालचा दिवा जळत राहिला, की सांधा सुटलाच. चांदीचा डाख ६०० अंशांपलीकडेही टिकतो; ही सुधारणा अवश्य करावी, परंतु आधी जुने शिसे कण न कण खरवडून काढावे. पितळेवर तांबूस डाग दिसल्यास त्यातील जस्त निघून गेले, असे समजावे. तेथे डाख व्यर्थ. बॉयलर तांब्याचा नवा करावा, जुना जपून ठेवावा. नव्याची परीक्षा वाफेने नव्हे, तर थंड पाण्याने, नेहमीच्या दुप्पट दाबाखाली घ्यावी. पाणी फारसे आकुंचन पावत नाही, म्हणून सांधा फुटला तरी स्फोट होत नाही. सुरक्षा-झडप उघडते याची खात्री झाल्यावरच दिव्यास काडी लावावी.