नारपोली आणि भिवंडी परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांना जाहीर आवाहन : माइकपासून लांबच्या कामाला माणसे हवीत



नाताळ जवळ आला की गायनाला, नाटकाला, सूत्रसंचालनाला नावे देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नसते. त्यात गैर काही नाही. पण कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या झटकायला आणि पातेली घासायला दरवर्षी तीच चार डोकी उरतात. त्यांतली निम्मी तरी मनातल्या मनात म्हणत असतात, "आपल्याला ना बोलता येतं, ना गाता येतं, म्हणून हे आपल्या वाट्याला." हे आवाहन मुख्यतः त्यांना आहे.

प्रेषितांच्या कृत्यांतली यापोची टबीथा आठवा. तिचे एकही प्रवचन शास्त्रात नोंदलेले नाही. ती वारली तेव्हा गावच्या विधवांनी रडत रडत पेत्राला तिच्या हातचे अंगरखे आणि वस्त्रे दाखवली. तिच्याबद्दल सांगण्यासारखे त्यांच्यापाशी तेवढेच होते आणि ते पुरेसे ठरले. कापडावर पोट भरणाऱ्या आपल्या गावाला ही बाई परकी वाटू नये.

लांब कशाला जायचे? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि बायका आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. रमाबाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण त्या मुलींच्या डोक्यातल्या उवा कोणी काढल्या, रोज शेकडो भाकऱ्या कोणी थापल्या? त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते हात नसते तर मुक्ती सदन चार दिवस चालले नसते.

आता आपल्या गल्लीकडे या. आपत्ती आली की नारपोली धावते. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यात पहिले हात शेजाऱ्यांनीच घातले. प्रश्न आहे तो आवाज न करता येणाऱ्या संकटांचा. त्यातले सगळ्यात मोठे टीबी.

यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी, हवेत कापसाची धूळ आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी आठ-दहा माणसे. अशा ठिकाणी खोकला एकट्याचा राहत नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. साध्या टीबीला ते सहा महिने, रोज घ्यावे लागते. पहिल्या गोळ्यांनंतर लघवी लालसर-नारिंगी होते. ते औषधाच्या रंगामुळे होते, पण हे कोणी सांगितले नसेल तर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो. दोन महिन्यांत भूक लागते, वजन वाढते, मग 'बरा झालो' म्हणून सोडतो. नाहीतर मधेच गावी निघून जातो. उपचार गावच्या दवाखान्यात वर्ग करून मिळतात, हे त्याला माहीतच नसते. अर्धवट सोडलेला टीबी औषधालाही दाद देईनासा होतो. आहारासाठी सरकार महिन्याला १००० रुपये थेट बँक खात्यात देते, पण खातेच नसले किंवा आधार जोडलेले नसले तर पैसे अडकून पडतात.

या सगळ्यात डॉक्टरकी कुठे आहे? हवा आहे तो आठवड्यातून एकदा दार ठोठावणारा, "गोळ्या घेतल्या का?" विचारणारा, बँकेच्या रांगेत सोबत उभा राहणारा माणूस. शिधा द्यायची ऐपत असेल त्याने टीबी रुग्णांसाठी २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी योजनेत 'निक्षय मित्र' व्हावे. एकट्याला झेपत नसेल तर भगिनी मंडळाने मिळून एक रुग्ण घ्यावा. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी शेजारच्या मुलांचा अभ्यास घ्यावा, कोणाचे फॉर्म भरून द्यावेत.

दोन अटी मात्र कडक आहेत. रुग्णाचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही आणि त्याचा आजार चाळीत कोणाला सांगायचा नाही. आणि शिध्याच्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालायची नाही, धर्म विचारायचा नाही. गरजेच्या बदल्यात कान मागितला की सेवेचा सौदा होतो. काहींना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

पाळकांना आणि पंचांना एक विनंती : वर्षाच्या अहवालात या कामाला नावे छापू नका, पण खर्चासाठी दानपेटीतला ठरावीक वाटा बाजूला काढा.

येत्या रविवारी उपासनेनंतर आपापल्या पाळकांकडे नाव द्या आणि आठवड्यातला कोणता वार मोकळा आहे तेही सांगा. सहा महिने टिकणार असाल तरच नाव द्या. जमेल त्यांनी त्याच आठवड्यात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात टीबीच्या कर्मचाऱ्यांना भेटून काम समजून घ्या. जाताना तोंडाला मास्क लावा.