जुनी होडी, नवा सावकार

धरणाच्या पाण्यात ज्यांची शेते बुडाली, त्यांनी त्याच पाण्यात मासे धरून पोट भरावे, असा सल्ला देणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. मासे धरावयास होडी लागते, हा तपशील मात्र या सल्लागारांच्या ध्यानी राहत नाही. नव्या होडीची ऐपत नसलेला मच्छीमार जुनी होडी शोधतो. तीही न परवडल्यास ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर वा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकतो. तो बुडाला, की त्याच्या माथी मारण्यास 'निष्काळजीपणा' हा शब्द तयारच असतो!

जलाशय म्हणजे गावतळे नव्हे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव व कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा अंत झाला. ती होडी मासेमारीची नव्हती. पण मच्छीमाराच्या वाट्याला पाणी तेच आणि वाराही तोच येतो.

जुनी होडी घेणे यात गैर काहीच नाही. गैर आहे ते गरजवंताने एकट्याने, घाईने आणि उधारीवर ती घेणे. ताजा रंग पाहून भुलू नये. रंगाखाली बहुधा दोष झाकलेले असतात. लाकडी होडीचा तळ व सांधे टोकदार सळईने टोचून पाहावेत. सळई सहज रुतली तर लाकूड कुजले आहे. पत्र्याच्या होडीत जोडांवरील गंज आणि डांबराची ठिगळे तपासावीत. फायबरच्या होडीवर नाण्याने ठोकावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर थर सुटले आहेत किंवा आत पाणी मुरले आहे. शेवटी जितकी माणसे व जितके जाळे रोज न्यावयाचे, तितका भार घालून ती तासभर पाण्यात ठेवावी. काठ पाण्यालगत आला, अथवा उभ्याने जाळे ओढताना ती कलंडू लागली, तर फुकट मिळाली तरी ती महागच होय. वल्ह्यांनी भागत असेल तेथे जुन्या इंजिनाचा मोह टाळावा. वाचलेल्या पैशातून प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट घ्यावे.

परंतु सळईने न सापडणारा एक दोष उरतोच. व्यापारी वा ठेकेदार होडीसाठी उचल देतो आणि मोबदल्यात मासळी आपल्याच भावाने, आपल्याच काट्यावर घेतो. होडी मच्छीमाराच्या नावावर असते; मासळी मात्र दुसऱ्याची! म्हणून 'केवढ्याला घेतली' याआधी 'कोणाच्या पैशाने घेतली' हे विचारले पाहिजे.

सहकारी संस्था कागदी असतात, हा आक्षेप अनेक ठिकाणी खरा आहे. सभासद भोई आणि कारभारी ठेकेदार, असा प्रकार चालतो. पण म्हणून सहकार निरुपयोगी ठरत नाही. मध्य प्रदेशातील तवा जलाशयावर विस्थापितांनी किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यातून १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघाने दहा वर्षे मासळीची खरेदी-विक्री स्वतः केली आणि सभासदांना होड्या-जाळ्यांसाठी कर्जही दिले. २००६ नंतर सरकारने तो पट्टा वाढवला नाही. संघ मोडला तो नालायकीमुळे नव्हे. जलाशय अभयारण्यात येतो, या कारणास्तव.

कार्यकर्त्यांनी यातून कामाची दिशा घ्यावी. संस्थेच्या सभासदांनी जुन्या होड्या एकत्र पाहाव्यात, एकत्र घासाघीस करावी आणि पैसा संस्थेच्या निधीतून द्यावा. गावातील जाणता सुतार सोबत असावा. त्याच वेळी जलाशयाचा ठेका विस्थापितांच्या संस्थेलाच मिळावा, ही मागणी लावून धरावी. ज्या पाण्यासाठी त्यांनी जमीन दिली, त्या पाण्यावर तरंगण्यासाठी त्यांनी पुन्हा गहाण का पडावे?