माफी म्हणजे न्याय नव्हे!

जिंतूरमध्ये आम्ही विहारात वाचायला बसतो. टॉलस्टॉयची ‘रिझरेक्शन’ (१८९९) घेतली, तेव्हा पोरांनी विचारलं, “रशियन जमीनदारांच्या गोष्टी आपल्या काय कामाच्या?”

कामाच्या आहेत. रशियातली भूदासप्रथा १८६१ साली कायद्याने संपली, मालकांची मग्रुरी संपली नाही. कादंबरीतला सरदार नेख्ल्युदोव आत्यांच्या घरी वाढलेल्या मोलकरणीला, कात्यूशाला, नासवून सोडून देतो. पुढे तिच्यावर खुनाचा खटला चालतो आणि ज्युरीत हाच बसलेला! त्याला पश्चात्ताप होतो, तो लग्नाची तयारी दाखवतो. तुरुंगात ती त्याला सुनावते की, तू माझ्या जिवावर स्वतःचाच उद्धार करू पाहतोस. शेवटी ती नकार देते. टॉलस्टॉयला त्या नकारातही तिचं प्रेमच दिसतं. आम्हाला त्यात स्वाभिमान दिसतो.

आपल्याकडे काय होतं? अत्याचार झाला की चार लोक घरी येतात. “ते माफी मागतायत, केस मागे घ्या.” १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा पश्चात्तापासाठी नाही, न्यायासाठी आहे. अत्याचार करणाऱ्याचं मन हलकं करणं ही पीडिताची जबाबदारी नाही.

म्हणून टॉलस्टॉय वाचा, पण शेजारी अण्णाभाऊंची ‘फकिरा’ (१९५९) ठेवा. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेल्या या कादंबरीत शोषित माणूस कुणाच्या पश्चात्तापाची वाट पाहत बसत नाही. तो उभा राहतो.

आपणही उभं राहायचं. जय भीम!